आत्याचा घसा बसला आणि माझा पारा उतरला

मी एक जुना रक्तदाबमापक आहे. तुम्ही मला बीपीचं मशीन म्हणता. मित्रांनो, छाती ठोकून सांगतो, चाळीस वर्षांत मी एकदाही चुकलेलो नाही.

हां, एकदा डॉक्टरबाई गप्पांच्या नादात होत्या. पट्टा पेशंटच्या दंडाऐवजी खुर्चीच्या हाताला बांधला गेला आणि खुर्चीचं बीपी कागदावर लिहिलं गेलं. पण खुर्ची खरंच ठणठणीत होती!

दुसरी चूक मात्र मला अजून टोचते.

आमच्या दवाखान्यात घड्याळं दुरुस्त करणारी एक मुलगी यायची. वय चौतीस, पण तिची आत्या मुलगी म्हणायची म्हणून आम्हीही तेच म्हणायचो. तिचं डोकं दुखायचं, झोप लागायची नाही आणि हात थरथरायला लागले होते. केसाएवढे स्क्रू चिमट्यातून उडायचे. एक तर गिऱ्हाइकाच्या मिशीत सापडला! असंच चाललं तर दुकानाला कुलूप लागणार होतं.

पट्टा फुगायला लागला की शेजारी बसलेल्या आत्याचं तोंड सुरू व्हायचं. "डॉक्टरबाई, हिला कुणी आवडतच नाही हो! पाच स्थळं आणली. हिने पाचही जणांची घड्याळं दुरुस्त केली आणि वाटेला लावलं! हिच्यात बिघाड आहे. गोळी द्या काहीतरी."

पारा एकशेसत्तरवर. तीन खेपा हेच झालं. डॉक्टरबाईंनी बीपीच्या गोळ्या सुरू केल्या. मी ऐटीत. रोग पकडला ना!

चौथ्या खेपेला आत्याचा घसा बसला होता. ती नुसते हातवारे करत होती. पारा एकशेवीसवर थांबला. डॉक्टरबाईंनी मला दोन टिचक्या मारल्या, मग आत्याला पडद्याबाहेर बसवलं. पुन्हा एकशेवीस. इतक्यात पडद्यामागून घोगरा आवाज आला, "दिली का गोळी?" लगेच एकशेपन्नास!

डॉक्टरबाई हसल्या आणि मग गंभीर झाल्या. "खरं सांगा, तुम्हाला कुणाबद्दल शारीरिक ओढ वाटत नाही, याचा त्रास होतो?"

"नाही हो. मला माणसं आवडतात. मैत्रिणी आहेत, भाचरं आहेत. तेवढी ती ओढ कधी वाटली नाही, कुणाबद्दलच. पण रोज कुणी 'बिघडलीस' म्हणालं की वाटायला लागतं, आपण आतून मोडलोय. मग डोळा लागत नाही."

"याला अलैंगिक असणं म्हणतात. हा आजार नाही. काही माणसं अशीच असतात. गोळ्या हळूहळू बंद करू. आणि आजार बाहेर बसलाय, त्याच्याशी मी बोलते."

आत्या आत आली. सगळं ऐकून कशीबशी म्हणाली, "अगं, पण माझ्यामागे तू एकटी पडशील."

"आत्या, माझ्या दुकानात गजराची घड्याळं आहेत, बिनगजराचीही आहेत. गजर नाही म्हणून कुणी घड्याळ दुरुस्तीला आणतं का? वेळ बरोबर दाखवतंय ना, झालं तर मग."

आत्या खुर्ची तिच्याजवळ ओढून बसली. "तू खूश असतेस का गं?"

"तू गप्प असलीस की."

माझी ऐट तिथेच उतरली. धडधाकट पोरीला मी तीन खेपा आजारी ठरवलं होतं.

मित्रांनो, आता बटणाचं नवं मशीन आलंय आणि मी कपाटावर धूळ खातो. माझं एवढंच मागणं आहे. पट्टा बांधलेल्या माणसाच्या शेजारी बडबड करू नका. आणि कुणी 'मी अशीच आहे, बरी आहे' म्हणालं तर ऐकून घ्या. मी नुसता आकडा सांगतो. माणूस कसा आहे, ते त्यालाच विचारावं लागतं.

त्या दिवशी निघताना आत्या म्हणाली, "माझंही बघा एकदा. मी एक शब्द बोलणार नाही."

डॉक्टरबाईंनी पट्टा बांधला. ती एक शब्द का बोलणार नाही, हे आत्या घोगऱ्या आवाजात सांगत राहिली. पारा दोनशेच्या वर गेला. माझा रबरी फुगा नळीतून सुटला आणि डॉक्टरबाईंच्या चहात पडला.