पाठवणीचं गाणं

वीस वर्षं पुण्यातल्या रॉक बँडमध्ये मी गिटार वाजवली. पोरं ज्या तुकड्यावर बेभान व्हायची, त्याची चाल मुळात नागपूरकडच्या तळेगावच्या माझ्या रुखमाआत्याची. आम्हा गोंडांच्या लग्नात नवरीची पाठवणी करताना ती गायची. मला मात्र ती चाल अर्धीच येते. लहानपणी गाणं संपायच्या आत मला झोप लागायची.

परवा गिटार घेऊन तिच्या ओसरीवर जाऊन बसलो. ती बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होती.

"आत्या, ते गानं एकदा पुरं म्हन नं."

"नवरी समोर नसली तं ते म्हनत नाई."

"इथं कोन पाहून राह्यलं तुले?" मी चिडलो, आणि येत होती तेवढी चाल वाजवून थांबलो.

तिचे हात थबकले. ओठ हलले. पुढची ओळ आता येणारच, असं वाटलं. पण तिनं तोंडाला पदर लावला.

"माह्या पोरीनं, रुपानं, नागपुरात कोर्टात लगन केलं," ती म्हणाली. "मले तं मंग समजलं. तिच्या नावाचं गानं अजून गळ्यातच हाये, कुंदन. ते तुले कसं देऊ?"