बिनफेट्याचं चॅनेल

परळीत तेव्हा इंटरनेट नवं होतं. स्टेशनजवळच्या ईश्वरीच्या कॅफेत बसून मन्मथप्पांनी गप्पांसाठी 'परळीकर' नावाचं चॅनेल नोंदवलं होतं. ते निवृत्त ग्रंथपाल. चारचौघांत तोंडातून शब्द फुटत नसे, टाइप करताना मात्र भराभर सुचे. चॅनेलच्या दाराशी चॅनसर्व्ह नावाचा यांत्रिक दारवान असे. त्याला सांगून ज्याला अधिकार द्यावा, त्याच्या नावापुढे @ हे चिन्ह लागे आणि त्याला इतरांना बाहेर काढता येई.

मन्मथप्पांनी ते चिन्ह सगळ्या वडीलधाऱ्यांना देऊन टाकलं. लग्नात एकाला फेटा बांधायचा आणि शेजारच्याला वगळायचं, हे त्यांच्याच्यानं कधी झालं नव्हतं.

"काका, हा मान नाही, अधिकार आहे," ईश्वरी म्हणाली होती.

त्यांतलेच एक, कारखान्यातून निवृत्त झालेले सुंदरराव; चॅनेलवर येताच जो नमस्कार लिहीत नसे, त्याला ते हाकलू लागले. एका रविवारी त्यांनी विश्वेश्वरवर बंदीच घातली. विश्वेश्वर मन्मथप्पांचा भाचा, नोकरीला मस्कतला. त्याची आई नीलाबाई दर रविवारी कॅफेत येई. मन्मथप्पा तिला वाचून दाखवत, तिचं बोलणं टाइप करत. गल्लीतली माणसं लेकाची चौकशी करत, ते ऐकून ती खुलायची.

विश्वेश्वरनं मामांना खासगीत लिहिलं, 'गावानं मला काढलं का?'

"कावून काढलं लेकराला?" नीलाबाईनं विचारलं.

"नमस्कार न्हाई केला, म्हणून."

"तितून यायला येळ लागत आसंल की नमस्काराला!"

मन्मथप्पांनी बंदी उठवली. सुंदररावांनी ती परत घातली.

"त्यांचं चिन्हच काढून टाका. चॅनसर्व्हला एक ओळ लिहायची," ईश्वरी म्हणाली.

"माघारी कसा उतरवू फेटा? आधी घरी जाऊन येतो."

सुंदररावांकडे चहा झाला, पाणी झालं. मन्मथप्पा कपबशीकडे बघत राहिले.

"बोला की ओ! चॅटवर तर लई बोलता."

"तुमचं चिन्ह काढायचंय," मन्मथप्पा एका दमात म्हणाले. "सगळ्यांचंच काढतो. माझंबी."

"म्हंजे चारचौघांत फेटा उतरवायचा माझा?"

"नीलाबाई दोन रविवार रिकामी गेली, सुंदरराव."

मन्मथप्पा निघाले, तेव्हा सुंदरराव दारापर्यंत पोचवायलाही उठले नाहीत. वाटेत मन्मथप्पांना वाटत राहिलं, की आपण उगीच आलो, धड सांगताही आलं नाही. तरी कॅफेत जाऊन त्यांनी चॅनसर्व्हकडून एकेक चिन्ह उतरवून घेतलं आणि विश्वेश्वरवरची बंदी उठवली.

रविवारी विश्वेश्वर आला. नीलाबाई त्याला जेवणाचं विचारत होती, तेवढ्यात सुंदररावांचं नाव दिसलं, नुसतंच, बोडकं. सगळ्यांचं लिहिणं थांबलं.

सुंदररावांनी लिहिलं, 'विश्वेश्वर, नमस्कार.' मग थोड्या वेळानं, 'तिकडं ज्वारी मिळते का?'

मन्मथप्पांनी वाचून दाखवलं. नीलाबाईनं पदरानं डोळे पुसले.

"लिही अप्पा," ती म्हणाली. "न्हाई मिळत म्हनावं. लई पुळका आसंल तर पाठवा एक पोतं!"