पिशवीत हात

शाळेच्या नाटकात मोलकरीण कोण होणार, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. सगळ्यांच्या माना आपसूक तोफेकडे वळल्या. तोफ म्हणजे दहावीतली ती मुलगी, जिनं तोंड उघडलं की समोरच्याची बोलती बंद. तिची आई तीन घरची धुणीभांडी करते, हे शाळेला ठाऊक होतं. तोफेला त्याची लाज नव्हती. राग होता तो त्या वळलेल्या मानांचा.

नाटक जुनं, श्रीमंतांच्या दिवाणखान्यात घडणारं. तिसऱ्या अंकात बाईसाहेबांचं कानातलं हरवतं, आळ मोलकरणीवर येतो आणि ती त्यांच्या पायांवर डोकं ठेवून हमसून हमसून रडते.

"का रडते?" तोफेनं तालमीत विचारलं.

"अगं, त्या घरावर माया आहे तिची," नाटकाच्या बाई म्हणाल्या. "जरा पात्राच्या मनात शिर."

"शिरले, बाई. तिला स्वतःचं घर आहे की नाही, तेच तीन अंकांत कळत नाही."

"लेखकाला तुझ्यापेक्षा जास्त कळतं."

तोफेचं डोकं सणकलं. काम आटोपून निघताना आई दारात थांबते आणि कुणी मागायच्या आत पिशवी उघडून पुढे धरते, हे तिनं लहानपणापासून पाहिलं होतं. डबा, कंगवा, गुडघ्याच्या गोळ्या. 'आपणहून दाखवलं की मान खाली जात नाही,' म्हणायची आई. त्यावरूनही मायलेकींची जुंपायची.

तिनं नाटकाच्या सामानातली कापडी पिशवी उचलली, आपला डबा आणि कंगवा आत टाकला, बाईसाहेबांपुढे गेली आणि पिशवी उघडून धरली. रडली नाही.

बाई हरखल्या. "वा, किती करुण. ठेवू या हे. लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल."

तोफेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पाणी काढायला नाहीये हे. मी पिशवी धरली, तर हिनं तपासायला पाहिजे."

बाईसाहेब झालेल्या मुलीला सगळे बाहुली म्हणत; ती रोज गाडीतून शाळेत यायची. तिनं नाक मुरडलं. "शी. माझं पात्र तसलं नाहीये. चांगली बाई आहे ती."

"चांगल्याच असतात गं सगळ्या. जुने कपडे देतात, तब्येत विचारतात आणि पिशवीही बघतात."

"नुसती उघड, तेवढं पुरे," बाई म्हणाल्या.

"मग दुसरी मोलकरीण शोधा."

प्रयोग चार दिवसांवर आला होता. बाईंनी कपाळाला हात लावला. "बाहुले, घाल बाई एकदाचा हात."

बाहुलीनं वैतागून हात घातला. डबा काढून झाकण उघडलं, आत डोकावली, डबा तसाच उघडा बाजूला ठेवला. मग पिशवीच्या तळाचे दोन्ही कोपरे बाहेरून चाचपले, शिवणीवरून अंगठा दाबत नेला. नजर मात्र पिशवीकडे नव्हतीच. ती तोफेकडे बघून गोड हसत होती. "राहू दे गं, तुझ्यावर विश्वास आहे माझा."

हे वाक्य नाटकात नव्हतं.

"कुणी शिकवलं तुला?" तोफेनं विचारलं.

"कुणी नाही." बाहुलीचे कान लाल झाले.

बाईंनी घाईघाईनं वहीत डोकं खुपसलं. "पुढचं वाक्य कुणाचं?"

"माझं," तोफ म्हणाली. पिशवी तिनं अजून तशीच धरली होती. "पण आधी हिला डब्याचं झाकण लावू दे. नीट. आणि होता तिथे ठेवू दे."