काकांना मागे फिरवायचं

"म्होरक्या आईच्या पोटातूनच यावा लागतो, शिकवून होत नाय," खंडेरावकाका चहाच्या वेळी चारुतासमोर मुद्दाम म्हणायचे. बोईसरच्या आमच्या रंगाच्या कारखान्यात आमची पाळी, म्हणजे शिफ्ट, वर्षानुवर्षं त्यांनीच चालवली होती. आता निवृत्ती जवळ आली म्हणून मॅनेजरने ती चारुताच्या हाती दिली, आणि काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

चारुता केळव्याच्या वाडीतली. घरात मोठ्यांपुढे आवाज चढवायची पद्धत नाही. मला तिचा रागच यायचा. पोरगी हुशार, पण बोलणं असं, की मुंगीलाही विचारेल, जरा सरकता का?

वायू गळला तर पाळीला सुखरूप बाहेर न्यायचं काम म्होरक्याचं, पण त्याच्या पहिल्याच सरावात व्हायचं तेच झालं. वायुगळतीचा भोंगा वाजला. छपरावरची वारा दाखवणारी पिशवी फाटकाकडे फडफडत होती. म्हणजे वायू तिकडेच जाणार, आपण मागच्या मैदानात पळायचं. पण काका सवयीने फाटकाकडे धावले आणि त्यांच्यामागे मेंढरांसारखे आम्ही सगळे. हो, मीसुद्धा. चारुता आपली बाजूने पळतेय, "काका, ऐका ना, जरा मागे फिरता का?"

"गळती खरी असती तर सगळे आडवे झाले असते," मॅनेजर तिला म्हणाला. "पुढच्या सरावात जमलं नाही, तर पाळी तुमच्यातल्याच मेहुलकडे."

चारुता रडली नाही. जेवणाच्या सुट्टीत मला पिंपांच्या शेडमागे घेऊन गेली. "जयवंतीताय, तू त्या टोकाला उभी रा. मी ओरडते."

ती रोज ओरडायची. "नाय आयकू आलं!" मी रोज सांगायची. घसा बसला, तर खडीसाखर चघळत ओरडली. हळूहळू आवाज उघडला, पण 'काका' म्हटलं की पुन्हा मऊ पडायचा.

"मग काका म्हनू नको," मी वैतागून म्हटलं.

"एवढ्या मोठ्या मानसाला नावाने? माझी जीभ नाय उचलनार."

"मग पाळी सोड."

डबा तसाच ठेवून ती उठली आणि परत ओरडायला उभी राहिली.

दुसऱ्या सरावाचा भोंगा वाजला. पिशवी फाटकाकडे, काकाही फाटकाकडे.

"खंडेराव! मागे फिरा!"

सगळे जागच्या जागी थबकले. बापाच्या वयाच्या माणसाला पोरीने नुसत्या नावाने हाक मारली होती! काकांचा चेहरा लालबुंद झाला. वाटलं, आता हा माणूस हिला सोलून काढतो. चारुता मैदानाकडे बोट करून परत ओरडली, "खंडेराव, मैदानात! सगळ्यांना घेऊन!"

काका वळले. त्यांच्यामागे आम्हीही वळलो.

"पाळी तुझीच," मैदानात मॅनेजर म्हणाला. चारुताचं तिकडे लक्षच नव्हतं. ती काकांच्या पायाशी वाकली होती. "काका, माफ करा, मी…"

"उठ," काका धापा टाकत म्हणाले. "पुढं पळायचं मला ठावं होतं. मागं फिरायचं आज शिकलो, या वयात. उद्या पन नावानंच हाक मार. काका म्हनलीस, तर मी परत फाटकाकडं पळेन, सांगून ठेवतो."