आधी भाव कोणी सांगायचा

भाव आपण आधी सांगायचा नाही, हा निम्मेकाकांचा धंद्यातला पहिला आणि जवळजवळ शेवटचा नियम. जुनं फर्निचर घ्यायचं आणि विकायचं हा त्यांचा धंदा. कुणी कपाट विकायला काढलं की काका त्याच्याभोवती एक फेरी मारत, दार उघडून आत नाक घालत, नसलेल्या वाळवीची चौकशी करत आणि मग असा काही सुस्कारा सोडत की मालकाला स्वतःच्याच कपाटाची लाज वाटावी. शेवटी तो बिचारा आपणहून आकडा सांगून मोकळा होई. काका म्हणत, "निम्मे." तो नाही म्हणाला तर छत्री उचलून चालू लागत, आणि फाटकाशी पोचायच्या आत मागून हाक येई. बाजारात त्यांचं खरं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. निम्मेकाका म्हटल्याचा त्यांना राग येत नसे, उलट थोडा माजच होता.

घरी मात्र त्यांची डाळ शिजत नसे. कोणती वस्तू कितीला आणली हे काकूंना सांगावं लागत नसे. काका दारातून आत येताना त्या एकदा त्यांच्या तोंडाकडे बघत आणि म्हणत, "निम्म्यात आणलंत." किंवा म्हणत, "फसलात." त्यात कधी चूक झाल्याचं काकांना आठवत नव्हतं.

अशा ह्या माणसाला हॉटेलच्या एका खोलीने आठवडाभर नाचवलं.

झालं होतं असं, की काकूंच्या उजव्या डोळ्याचा आतला पडदा सुटला. शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. ऑपरेशन येत्या शुक्रवारी, त्याच्या पुढे ढकललंत तर डोळ्याची हमी नाही. ऑपरेशन करून डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडायचा, तो पडद्याला जागेवर दाबून धरणार, आणि तो हलू नये म्हणून काकूंनी काही दिवस झोपेतसुद्धा तोंड जमिनीकडे ठेवायचं. रोज सकाळी तपासणी. दवाखान्यात मुक्कामाची सोय नाही.

"बसने घरून ये-जा केली तर?" काकांनी विचारलं.

"धक्के बसले तर केलेलं सगळं पाण्यात. इथेच खोली घ्या. चालत येता येईल अशी."

बाहेर आल्यावर काकू म्हणाल्या, "मान खाली घालून राहायचं म्हणे. लग्नात घातली होती तेवढी पुरे झाली होती मला."

काका हसले नाहीत. त्यांनी रस्त्यापलीकडच्या हॉटेलाची पाटी बघून ठेवली होती, आणि घरी पोचताच फोन लावला. पलीकडच्या मुलीने भाव सांगितला. त्या आठवड्यात शहरात यंत्रांचं भलंमोठं प्रदर्शन भरणार होतं, त्यामुळे हॉटेलवाल्यांना शिंगं फुटली होती.

"एवढ्या पैशांत मी तुमचा पलंग, गादी आणि भिंतीवरचं चित्र विकत घेऊन घरी नेईन," काका म्हणाले.

"न्या की. खोली मात्र ह्याच भावात मिळेल."

काकांनी फोन बंद करून टेबलावर समोर ठेवला आणि ते त्याच्याकडे बघत बसले. म्हणजे त्यांच्या हिशेबाने ते छत्री उचलून फाटकाकडे चालू लागले होते. हाक काही आली नाही. दुसऱ्या दिवशी त्या हॉटेलात खोली उरली नव्हती, आणि दवाखान्याच्या आसपास दुसरीकडेही कुठे उरली नव्हती.

मुलगा नोकरीनिमित्त परगावी, त्यामुळे जे काय करायचं ते सुनेने. ती कुरिअरच्या ऑफिसात कामाला होती आणि तिला अशा गोष्टींची खबर असे. तिने लॅपटॉप उघडून काकांना शेजारी बसवलं.

"बाबा, ऐन वेळी रद्द झालेल्या खोल्या हॉटेलवाले इथे देतात. भाग कोणता आणि हॉटेलला तारे किती, एवढंच दिसतं. नाव दिसत नाही. भाव आपण सांगायचा. त्यांना पटला तर पैसे लगेच कापतात आणि मग नाव कळतं. पैसे परत मिळत नाहीत."

"आणि नाही पटला तर?"

"नाही म्हणतात. मग त्या भागासाठी उद्यापर्यंत थांबायचं."

"पण ते किती म्हणतात?"

"ते काहीच म्हणत नाहीत."

"काहीच म्हणत नाहीत? मग मी निम्मे म्हणायचं ते कशाचे?"

सुनेने पानाच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. त्या भागात सध्या साधारण काय भाव चालू आहे ते तिथे लिहिलं होतं. काकांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी त्याचे निम्मे लावले. लॅपटॉपच्या पडद्यावर एक छोटं चाक गरगरलं आणि अक्षरं उमटली, की क्षमस्व, आपली बोली स्वीकारता येत नाही.

"आता?"

"आता उद्या."

काका तसेच बसून राहिले. समोर माणूस असता तर सुस्कारा टाकता आला असता, पायरी उतरता आली असती. ह्या यंत्रासमोर सुस्कारा टाकून उपयोग काय? त्यांनी तरी एक टाकलाच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बोली चिमूटभर वाढवली. नाही. तिसऱ्या दिवशी आणखी चिमूटभर. नाही. सून म्हणाली, "बाबा, थोडं सढळ हाताने लावू या का?" काका म्हणाले, "पहिल्याच झटक्यात कोणी हो म्हणत नाही." सुनेने लॅपटॉप मिटला. झटके किती झाले ते तिलाही कळत होतं.

पण दुकानात त्यांचा पाय ठरेना. दारातलं टेबल त्यांनी भिंतीशी नेलं, भिंतीशी ते बरं दिसेना म्हणून परत दारात आणलं. एका बाईने आरशाचा भाव विचारला तर काकांनी फटकन सांगून टाकला, आणि तोही रास्त. बाईने आरशाकडे संशयाने पाहिलं, मागून पुढून ठोकून पाहिला आणि काहीतरी काळंबेरं असणार म्हणून निघून गेली. काकांनी तिला हाक मारली नाही. त्यांचं लक्षच नव्हतं.

घरी काकू बॅग भरत आणि रिकामी करत. सरावही चालू होता. उशीत तोंड खुपसलं की त्यांचा श्वास कोंडे, टेबलावर कपाळ टेकलं की मान अवघडे. एका दुपारी काका दुकानातून एक वेताची खुर्ची घेऊन आले. तिची बैठक पार फाटली होती, म्हणून वर्षानुवर्षं कुणी घेतली नव्हती. त्यांनी उरलासुरला वेत कापून काढला, चौकटीला गोधडीचा तुकडा गुंडाळला आणि खुर्ची पलंगाला लावली. काकू पलंगावर पालथ्या झोपल्या, तोंड त्या चौकटीत ठेवलं, आणि खालून आवाज आला, "बरं वाटतंय की." काका जरा वेळ खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले आणि मग उगाचच पाणी प्यायले.

बुधवारी पुन्हा नकार आला. सून लॅपटॉप मिटणार तेवढ्यात काकांनी विचारलं, "आज परत बोली लावता येईल असं काहीच नाही?"

"आहे. ह्या भागाला आणखी एखादा भाग जोडला तर आजच लावता येते. पण मग खोली दोन्हींपैकी कुठेही पडेल."

"जोड."

"बाबा, उरलाय तो विमानतळाकडचा. दवाखान्यापासून शहराचं दुसरं टोक आहे ते."

"जोड म्हटलं ना."

सुनेने जोडला. चाक फिरू लागलं, आणि ते फिरत असताना काकांना दिसल्या त्या टॅक्सीत बसलेल्या काकू. डोळ्यावर पट्टी, कपाळ गुडघ्यांना टेकलेलं, बाहेर प्रदर्शनाच्या गर्दीत अडकलेल्या गाड्या, एकेका खड्ड्याला डोळ्यात हलणारा तो बुडबुडा. रोज सकाळी जायचं आणि रोज यायचं. आणि हो म्हटलं गेलं तर पैसे परत नाहीत, म्हणजे दुसरी खोली घ्यायची ऐपत नाही. नाही म्हणा, काका मनातल्या मनात म्हणू लागले, नाही म्हणा.

क्षमस्व, पडदा म्हणाला.

समोरच्याने नाही म्हटल्याचा आनंद काकांना आयुष्यात पहिल्यांदा झाला. त्यांनी चष्मा काढून पुसला. इतके दिवस आपण पैसे वाचवतोय असं त्यांना वाटत होतं. खरं म्हणजे ते घाबरले होते. डोळा गेला तर काय, ह्याचा विचार करायचा नव्हता म्हणून खोलीच्या भावाशी कुस्ती खेळत बसले होते, आणि त्या कुस्तीत काकूंचा डोळा पणाला लावून बसले होते.

गुरुवारी सून कामावर जायच्या आधीच ते येऊन बसले. कोपऱ्यात नवी ओळ आली होती, की ह्या भागात शेवटच्या काही खोल्या उरल्या आहेत. "मला दे," म्हणत काकांनी लॅपटॉप ओढून घेतला आणि एका बोटाने आकडा टाकला.

सून वाकून बघू लागली. "बाबा, हा तर चालू भावापेक्षाही जास्त आहे. चुकून पडला का?"

"चुकून नाही."

"मग निदान तेवढाच लावू ना. जास्त कशाला?"

"नको. त्यांना नाही म्हणायला जागाच ठेवायची नाही."

त्यांनी बटण दाबलं. चाक धड अर्धंही फिरलं नाही, खोली मिळाली. आणि मग हॉटेलचं नाव आलं. दवाखान्यासमोरचं, पहिल्या दिवशी फोन केला होता तेच. त्या मुलीने सांगितलेल्या भावात खोली घेतली असती तर वर पैसे उरले असते. सुनेला त्या फोनची गोष्ट माहीत होती. तिने ती काढली नाही, एवढे तिचे उपकार.

आतल्या खोलीतून काकूंचा आवाज आला, "मिळाली का?"

"मिळाली. अगदी समोर."

"कितीला?"

"बरी मिळाली," काका म्हणाले आणि तोंड नीट होईपर्यंत बाहेरच थांबले.

शुक्रवारी सकाळी तिघं हॉटेलात पोचली तेव्हा काकांच्या खांद्यावर खुर्ची होती.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, खोलीत खुर्ची आहे आमच्या."

"तिला बूड आहे. आम्हाला बिनबुडाची लागते."

मुलीने मान वर केली. "तुमचा आवाज कुठेतरी ऐकल्यासारखा वाटतो." काकांना एकदम खोकला आला. बाकीचं बोलणं सुनेने केलं.

ऑपरेशन झालं. शनिवारी सकाळी डॉक्टरीणबाईंनी पट्टी काढून डोळ्यात बॅटरी मारली, पडदा जागेवर बसलाय म्हणाल्या, नवी पट्टी बांधली आणि बजावलं, की मान वर दिसली तर माझ्याशी गाठ आहे. नुसता रस्ता ओलांडायचा, त्यामुळे तिघं लगेच खोलीवर परतलीसुद्धा. सून औषधं आणायला गेली. काकू पालथ्या पडून तोंड खुर्चीत घालून होत्या. काका खिडकीशी जात होते, पलंगाशी येत होते, पडदा सारखा करत होते.

"अहो, जरा बसा. तुमच्या चपलाच दिसतायत मला, इकडून तिकडे."

काका बसले.

"कितीला घेतलीत ही खोली? परवापासून विचारतेय."

"सांगितलं ना, बरी मिळाली."

"आवाजावरून मला काही कळत नाही. तोंड दाखवा."

"तू मान हलवायची नाहीस."

"मी कशाला हलवू? तुम्ही खाली या."

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकत, कण्हत ते जमिनीवर बसले, आडवे झाले आणि सरकत सरकत खुर्चीच्या चार पायांमध्ये डोकं घालून उताणे पडले. वर चौकटीत काकूंचा चेहरा होता. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा उघडा. तो डोळा काकांवरून सावकाश फिरला.

"फसलात," काकू म्हणाल्या.

"हो."

"मागितले तेवढे दिलेत?"

"मागितल्यापेक्षा जास्त."

उघडा डोळा त्यांच्यावर थांबला. इतकी वर्षं त्यांनी हे तोंड दारातून आत येताना पाहिलं होतं. इतक्या जवळून, इतका वेळ ते कधी थांबलं नव्हतं.

"एवढे घाबरलात माझ्यासाठी?"

"घाबरलो," काका म्हणाले. "अजून घाबरलेलोच आहे."

काकूंनी पलंगावरचा हात खाली सोडला. तो चाचपडत काकांच्या कपाळावर आला आणि तिथेच राहिला. एवढ्यात टेबलावरचा फोन वाजू लागला. खालून काउंटरवरूनच असणार.

"अहो, फोन. हॉटेलवाले हाक मारतायत तुम्हाला."

"वाजू दे," काका म्हणाले, आणि खुर्चीखाली तसेच पडून राहिले.