उत्तरेचा बुजवलेला दरवाजा

मी विंडलबी या इंग्रज खेड्यातल्या चर्चचा उत्तरेकडचा दरवाजा बोलतोय. इतकी वर्षं गप्प होतो, त्याचं कारण साधं आहे. माझ्या तोंडात दगड आणि चुना भरलेला होता.

माझा जन्म झाला तेव्हा या चर्चला भिंती होत्या, छप्पर नव्हतं. शेतात नांगराला अडणाऱ्या गारगोट्या वेचून गावकऱ्यांनी त्या भिंती रचल्या. गारगोट्यांचा नीट कोपरा साधत नाही, म्हणून बुरूज गोल बांधला. दरवाजाला मात्र घडीव दगड लागतो. तो होडीतून आला आणि त्याच्याबरोबर ऑस्बर्ट नावाचा गवंडी आला. त्याने माझ्या कमानीवर दातेरी नक्षी कोरली. डावीकडचे दात मोठे आहेत, उजवीकडचे बारीक. मध्ये त्याची जेवणाची सुट्टी झाली असावी.

समोर, दक्षिणेच्या भिंतीत, माझा भाऊ आहे. त्याला ऊन मिळालं. पुढे त्याला देवडी मिळाली, देवडीत बाक मिळाले. गावातली लग्नं त्याच्यापुढे लागायची. मला शेवाळ मिळालं.

माझं काम वेगळं होतं. बाप्तिस्म्याचं दगडी कुंड आम्हा दोघा भावांच्या मधोमध आहे. मूल भावाच्या बाजूने आत यायचं आणि मला सताड उघडलं जायचं. डोक्यावर पाणी पडलं की मूल रडायचं. त्याच क्षणी त्याच्या अंगातला सैतान माझ्यातून बाहेर पळतो, असं गाव मानायचं. मूल रडलं नाही तर त्याची आजी दुपट्यात हात घालून हळूच चिमटा काढायची.

मी सैतानाला कधी पाहिलं नाही. वारा पाहिला. एकदा एक बदक आत आलं आणि कुंडात जाऊन बसलं. त्याला कुणी बाप्तिस्मा दिला नाही.

माझ्या बाहेर गवताचा एक पट्टा आहे. तिथे कायम सावली असते, म्हणून तिथे पुरून घ्यायला कुणी राजी नसायचं. ज्यांना विचारायची गरज नव्हती त्यांना तिथे पुरत. अनोळखी वाटसरू, स्वतःचा जीव घेतलेले, आणि बाप्तिस्म्याआधीच गेलेली बाळं.

मग देशाचा धर्म थोडा बदलला. भिंतींवरच्या चित्रांना चुना फासला. सैतानाचं दार ही अडाणी समजूत आहे असं ठरलं आणि मला बुजवलं. कारण धर्माचं सांगितलं, खरं कारण वारा होता. माझी ओकची फळी कुणीतरी कोंबड्यांच्या खुराड्याला लावली. बुजवताना सैतान आत होता की बाहेर, याची खात्री करून घ्यायचं कुणाला सुचलं नाही.

तेव्हापासून मी म्हणजे नुसती कमान. पाठ चर्चमध्ये, तोंड गवताकडे.

अशी काही शतकं गेली. एनिड थर्कटल याच गावची. लग्नानंतरच्या वसंतात तिला मुलगी झाली आणि ती रडली नाही. तिने श्वासच घेतला नाही. तेव्हाचे पाद्री म्हणाले, बाप्तिस्मा नाही तर प्रार्थना नाही, दगडावर नावही नाही. उत्तरेला जागा आहे. सकाळी एनिडचा नवरा व्हिक्टर सफरचंदांचं एक खोकं घेऊन आला. माझ्या उंबऱ्याला लागून त्याने खोल खणलं. माती सारखी केली, टोपी घातली आणि कामावर गेला.

गावाने काही विचारलं नाही. इथे लोक विचारत नाहीत. हवेबद्दल बोलतात.

पुढे एनिड चर्चमधल्या फुलांचं काम बघू लागली. आठवड्याची शिळी फुलं टाकायचा उकिरडा बुरुजामागे आहे, पण ती उत्तरेला यायची आणि माझ्यापाशी टाकायची. टाकलेली फुलं इतकी नीट ओळीत पडलेली मी दुसरीकडे पाहिली नाहीत. व्हिक्टर गेला, तिचे केस पांढरे झाले, फुलं येत राहिली.

आता मुख्य गोष्ट. आमच्या चर्चमध्ये सगळं होतं, पण ‘जाऊन यायची’ सोय नव्हती. बांधणाऱ्यांना स्वर्गाची घाई होती. पुरुष म्हाताऱ्या यू वृक्षामागे जायचे आणि बायका ‘चहा नको’ म्हणायच्या. वय झालं तशी एनिड शेवटच्या बाकावर बसू लागली. मग प्रवचनाच्या मध्येच उठू लागली. मग रविवारी यायचीच बंद झाली. फुलांना तेवढी यायची, शनिवारी, घाईघाईने.

नवी पाद्रीबाई जून पेटिफर हिच्या हे लक्षात आलं. तिने चर्च चालवणाऱ्या मंडळाची बैठक बोलावली. ती मागच्या बाकांवर भरली, म्हणजे माझ्या पाठीशीच.

“उत्तरेचं दार मोकळं करायचं,” जून म्हणाली. “बाहेर लहानशी खोली बांधायची. म्हणजे कुणाला लाजत यू वृक्षामागे जायला नको.”

“मी लाजत जात नाही,” अँब्रोज कॅचपोल म्हणाला. हा चर्चचा कारभारी. “आणि ते दार सैतानाचं आहे. माझे आजोबा सांगायचे, बंद आहे ते बंद राहू द्या.”

“तुझे आजोबा टोमॅटोलाही विषारी म्हणायचे,” एनिड म्हणाली. ती अँब्रोजच्याच वर्गातली.

सगळे हसले. जूनला वाटलं, काम झालं. मग एनिडने विचारलं, “सांडपाणी कुठून नेणार?”

“गवतातून चर खणायचा, थेट रस्त्यापर्यंत. तिकडे कुणाची थडगी नाहीत. मोकळीच जागा आहे.”

मतं घेतली तेव्हा एनिडने हात वर केला, तो ‘नको’ म्हणणाऱ्यांबरोबर. एका मताने तो ठराव पडला.

बैठक संपल्यावर अँब्रोज तिच्यामागून बाहेर आला. “शाळेत तुला अक्कल नव्हती, एनिड. आज आली बघ. सैतानाशी खेळू नये.”

“अँब्रोज, तू घरी जा.”

तो गेला. ती मात्र भिंतीला हात लावत लावत माझ्यापर्यंत आली, आणि मग तिलाही घाईने घरी जावं लागलं.

शनिवारी ती फुलं घेऊन आली तेव्हा जून तिला शोधत मागे आली.

“तुमच्यासाठीच काढलं होतं हे सगळं,” जून म्हणाली. “रविवारी तुमचा बाक रिकामा दिसतो.”

“मी घरी रेडिओवर प्रार्थना ऐकते.”

“रेडिओवर माझं प्रवचन नसतं.”

“म्हणून तर.”

जून हसली आणि गवतात बसायला वाकली.

“तिथे नको,” एनिड म्हणाली. “जरा इकडे सरक, पोरी.”

जून अर्धवट वाकलेलीच राहिली. तिने खाली पाहिलं. एक शिळी ओळ, तिच्याखाली आणखी शिळी ओळ, सगळ्या एकाच मापाच्या आणि फार लहान. जून हुशार होती. ती बाजूला सरकून बसली.

“कोण आहे?”

“जॅनेट.”

मग एनिड म्हणाली, “हे नाव व्हिक्टरला माहीत होतं. आता तुला. बैठकीत कसं सांगायचं? तिथे छपराच्या गळतीवर बोलतात.”

“मी सांगू?”

एनिडने उरलेलं फूल जमिनीवर ठेवलं, थोडं सरळ केलं. “अँब्रोजला आधी सांग,” ती म्हणाली. “नाहीतर बिचारा सैतानाचे आभार मानत बसेल.”

पुढच्या बैठकीत ठरलं की ती सोय बुरुजाच्या तळाशी करायची आणि चर पश्चिमेकडून न्यायचा. बुरुजात घंटा वाजवणाऱ्यांनी कुरकुर केली. ते नेहमीच करतात. मग जून म्हणाली, “दार मात्र तरीही उघडावं, असं मला वाटतं.” सगळ्यांनी अँब्रोजकडे पाहिलं. अँब्रोजने छताकडे पाहिलं आणि म्हणाला, “हातोडा माझ्याकडे आहे.”

पहिला दगड त्यानेच काढला.

“सैतान निघाला तर?” मागून कुणीतरी विचारलं.

“निघू दे. मंडळात एक जागा रिकामी आहे.”

सैतान निघाला नाही. चिमणीचं जुनं घरटं निघालं आणि मातीची एक चिलीम. ती बहुधा मला बुजवणाऱ्याची असावी. अँब्रोजने मला ओकची नवी फळी केली. ती थोडी तिरकी आहे, पण माझी कमानही तशीच आहे, त्यामुळे आमचं जमतं.

मेलेल्याला बाप्तिस्मा देत नाहीत. तो नियम आजही आहे आणि जूनने तो मोडला नाही. एका रविवारी तिने फक्त कुंडात पाणी भरलं, मला सताड उघडलं आणि भरल्या चर्चमध्ये एक नाव मोठ्याने वाचलं, जॅनेट थर्कटल. मग ती थांबली.

एनिड शेवटच्या बाकावरून उठली. सगळ्यांना वाटलं, तिला बुरुजाकडे जायचं असेल, आणि सगळे इंग्रज माणसांसारखे दुसरीकडे बघू लागले. ती माझ्याकडे आली. उंबऱ्यात उभी राहिली. गवताकडे बघून, मुलांना जेवायला हाक मारतात तेवढ्याच आवाजात म्हणाली, “ये गं. आत ये. बाहेर गार आहे.”

माझ्यातून काहीतरी बाहेर जातं, असं लोक शेकडो वर्षं सांगत आले. मी कुणालाच बाहेर जाताना पाहिलं नाही. आत आलेलं मात्र मला कळतं. दरवाजाला तेवढंच कळावं लागतं.

एनिड आता रविवारी येते. प्रवचनात उठते, बुरुजाकडे जाऊन येते आणि येताना माझ्यापाशी थोडी थांबते.

पण शेवटच्या चार बाकांना वारा लागतो, अशी तक्रार सुरू झाली आहे. मंडळाच्या पुढच्या बैठकीत माझ्यावर चर्चा आहे. असल्या चर्चेने मागे काय झालं, ते मी भोगलं आहे. माझं बोलणं त्यांना ऐकू जात असतं तर बैठकीत एवढीच विनंती केली असती.

स्वेटर घाला.