सतरा नंबरची नळी

मालविकाने वंशावळीचा कागद ओसरीवर पसरला आणि सतराव्या गोलावर बोट ठेवलं.

"काकू, पुनमच्या नावाने आलेल्या सतरा नंबरच्या नळीतलं रक्त तिचं नाही. तुमचंच आहे."

पार्वतीबाई शेंगा फोडत होत्या. दिवस मावळला की त्यांना काहीच दिसत नसे. आता भरउन्हातही त्या माणूस आवाजावरून ओळखायच्या. या डोळ्यांपायीच बावीस वर्षांपूर्वी नवऱ्याने त्यांना देगलूरला माहेरी आणून सोडलं होतं.

"कळलंच का," त्या म्हणाल्या.

न कळायला काय झालं! रक्ताला कुठली आलीय भीडभाड? ज्या जनुकामुळे या घराण्याचे डोळे जात होते, त्याचा ठावठिकाणा मालविका नांदेडच्या प्रयोगशाळेत तीन वर्षं एकटीच शोधत होती. गुणसूत्र सापडलं होतं, म्हणजे गल्ली कळली होती. नेमकं घर कळत नव्हतं. पुनमच्या, म्हणजे पार्वतीबाईंच्या बहिणीच्या मुलीच्या, रक्ताने कदाचित ते कळलं असतं.

"पुनमच्या जागी माझं रक्त घ्या म्हनून नर्सबाईला म्याच हात जोडले. लगीन ठरलंय पोरीचं. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"कुणाशी?"

"आमच्या वीरेशशी. मयत भावाचा पोरगा, म्याच वाढवला. मला परक्यांनी टाकलं. हिला कोण टाकंल? मामाचंच घर हाय. अन् माझे डोळे पुरते गेल्यावर घरात बोलायला माणूस राहील."

त्यांचा चेहरा इतका खुलला होता, की मालविकाला पुढचं बोलवेना. पण बोलणं भाग होतं.

"काकू, हा दोष एकाच बाजूने आला तर डोळ्यांना काही होत नाही. आई आणि बाप दोघांकडून आला, तरच डोळे जातात. पुनम आणि वीरेश, दोघांच्यातही तो लपलेला असू शकतो. मग त्यांच्या लेकरांना..."

शेंगा फोडायच्या थांबल्या.

"माझे आईबाप मामा-भाची व्हते," पार्वतीबाई हळूच म्हणाल्या.

मालविकाला आपल्याच कागदाचा राग आला. ती तो गुंडाळू लागली. पार्वतीबाईंनी चाचपडत फोन उचलला आणि तिच्यापुढे धरला.

"पुनमला लावून द्या. मला आकडे दिसत न्हाईत."

फोन लागला.

"पुनम, उद्याच्या गाडीनं नांदेडला जा. रक्त द्याया. वीरेशला बी धाडते."

पलीकडून पुनम काहीतरी उत्साहाने विचारत होती. पार्वतीबाईंनी ते सगळं ऐकून घेतलं.

"शालू व्हय? हिरवा चांगला दिसंल तुला," त्या म्हणाल्या. "पर इतक्यात घेऊ नगं."